तीन नावांची वाटी

त्या दिवशी वाटी रिकामी परत आली.

नुसती रिकामी नव्हे. घासलेली, पुसलेली, कोरडी. माझ्या दाराबाहेरच्या फळीवर ती पालथी ठेवलेली होती. मी ती उचलली आणि आतून बोट फिरवून पाहिलं. साखरेचा एक कणही बोटाला लागला नाही.

एका स्टीलच्या वाटीचं एवढं काय, असं कोणी म्हणेल. म्हणून थोडं मागचं सांगते.

महापुराच्या वर्षी सांगलीतल्या एका शाळेच्या वरच्या मजल्यावर आम्ही बरीच माणसं अडकलो होतो. घाईत घर सोडताना माणूस काय उचलेल याचा नेम नाही. मी कागदपत्रं, दागिने सगळं सोडून देवापुढची नैवेद्याची वाटी उचलली होती. शाळेत दुधाची पावडर वाटली, ती मी त्या वाटीत कालवली आणि शेजारी तापानं फणफणलेल्या बाईला अर्धी दिली. ती जैबुन्निसा शिकलगार. मिरजेच्या सतार करणाऱ्या घराण्यातली सून, बहिणीकडे म्हणून आली आणि पुरात सापडली. तिनं दूध प्यायलं, वाटी विसळली, ओढणीच्या गाठीतून चार मनुका काढून त्यात टाकल्या आणि मला दिली.

"रिकामी कशी देऊ? तुमच्यातबी देत नाहीत ना?"

"नाही देत," मी म्हटलं.

"मग झालं."

पलीकडे एक उंच गृहस्थ भिंतीला टेकून बसले होते. भूपाल आरवाडे. एसटीचे ड्रायव्हर, पाणी चाकाला लागेपर्यंत गाडी हाणून त्यांनी प्रवासी शाळेपर्यंत आणले होते. ते म्हणाले, "दोघींचं झालं असंल तर ती वाटी इकडं बी फिरवा की. की ही गाडी विनाथांबा आहे?"

पाणी ओसरलं, माणसं आपापल्या घरी गेली. आम्हा तिघांना मात्र चुकल्याचुकल्यासारखं व्हायला लागलं. माझे यजमान गेलेले, मुलगा मेलबर्नला. जैबूची मुलगी टोरांटोला. आरवाड्यांना आम्ही अण्णा म्हणू लागलो होतो; त्यांना एक पुतण्या, तो बंगळूरला. मग आम्ही विश्रामबागेत एकाच मजल्यावर तीन छोटी घरं घेतली. सोसायटीच्या सेक्रेटरीनं विचारलं, "तुम्ही एकमेकांचे कोण?" अण्णा म्हणाले, "आम्ही एका वाटीतले." भांडीवाल्याकडून त्या वाटीवर तिघांची नावं घालून घेतली. चारुशीला, जैबुन्निसा, भूपाल.

सकाळी मी वाटीत काहीतरी घालून अण्णांच्या फळीवर ठेवायची. अण्णा ते खाऊन आपलं काही घालून जैबूकडे द्यायचे, जैबू माझ्याकडे. कधी भडंग, कधी खीर, कधी लोणच्याची फोड. काहीच नसलं तर चिमूटभर साखर. आणि दुपारपर्यंत वाटी आली नाही, तर दार वाजवायचं. हा नियम कोणी बोलून केला नव्हता. इतकी वर्षं तो मोडलाही नव्हता.

आमच्या इमारतीत बहुतेक घरांत आता एकेकच माणूस राहतं. सामान खिडकीशी उडत्या पेटीतून येतं, दार तोंड ओळखून उघडतं, भिंत औषधाची वेळ सांगते. कोणाचं कोणावाचून अडत नाही, ही आजच्या काळाची मोठी फुशारकी आहे. आमच्या मजल्यावर मात्र आमचं वाटीवाचून अडत होतं.

मी जैबूची बेल वाजवली. तिनं बऱ्याच वेळानं दार उघडलं. चेहरा टवटवीत, डोळ्यांखालची काळी वर्तुळं गेलेली.

"जैबू, वाटी रिकामी आली गं."

"होय? धुतली की मी."

"साखर?"

"राहिली बघ." ती हसली. चूक झाल्यावर जीभ चावायची तिची सवय होती. ती चावली नाही.

"बरं नाही का तुला?"

"उलट लई वर्षांनी बरं वाटायलंय." ती वळली आणि मानेवरचे केस बाजूला केले. तिथे लहानशी पट्टी होती. "निवांत घेतलं, चारू."

निवांत काय आहे ते मला ठाऊक होतं. कोणाला ठाऊक नव्हतं? नाक्यानाक्यावर जाहिरात होती. एक सुई, आणि एकटेपणा गेला.

"पण का गं? आम्ही नव्हतो का?"

"तू आहेस म्हणूनच." ती दाराच्या चौकटीला टेकून शांतपणे बोलत होती. "डॉक्टरनं तुझ्या हृदयाच्या झडपेचं सांगितलं, त्या दिवसापासून माझा डोळा लागत नव्हता. तू नसशील या विचारानं माझाच जीव जायचा. तू गेल्यावर मला जगायचंय, चारू. तर म्हटलं, आधीच सोय करून ठेवावी."

हे सांगताना ती रडली नाही. महिन्यापूर्वी ती हे वाक्य पुरं करू शकली नसती. आणि तिनं मला आत बोलावलंही नाही. राग नव्हता तिच्या मनात. तिला ते सुचलंच नाही.

---

मी मिरजेला त्या दवाखान्यात गेले. माझ्या नातीच्या वयाची डॉक्टर होती, ईशा मगदूम. तिनं मला पाणी दिलं, खुर्ची जवळ ओढली आणि नीट समजावून सांगितलं.

"आजी, एकटेपणा ही भूक आहे. पोट रिकामं झालं की भूक लागते ना? तशी माणसांची संगत कमी पडली की मेंदूच्या बुंध्यातल्या काही थोड्या पेशी कालवा करायला लागतात. हे आधी उंदरांत सापडलं. एकट्या ठेवलेल्या उंदराजवळ दुसरा उंदीर सोडला की तो धावत जाऊन त्याला चिकटायचा. त्या पेशी गप्प केल्या, तर दुसरा उंदीर आला काय नि गेला काय."

"मग तो उंदीर झुरायचा?"

"मुळीच नाही. खायचा, झोपायचा, मजेत असायचा. माणसात आम्ही हे एका विषाणूकडून करून घेतो. त्याचं विष काढलेलं असतं, तो नुसता हमाल. पाठीवर एक जनुक घेऊन तो नेमका त्याच पेशींत शिरतो, आणि ते जनुक त्यांचा आवाज खाली आणतं. पेशी मरत नाहीत. आठवणी, माया, थट्टा, सगळं शाबूत राहतं. फक्त ओढ राहत नाही."

"आणि आवाज परत वाढवायचा झाला तर?"

"ते औषध अजून निघालेलं नाही." मग ती हळू आवाजात म्हणाली, "आजी, एकटेपणानं माणसं मरतात. रक्तदाब, झोप, हृदय, सगळं पोखरून जातं. मी अशी माणसं पाहिलीत. निवांत घेतलेली माणसं जास्त जगतात."

ती खोटं बोलत नव्हती. तशी माणसं मीही पाहिली होती.

तरुणपणी मी सांगलीच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होते. समोर मोठा बोर्ड असायचा. गावात कोणी रिसीव्हर उचलला की त्याच्या नंबराखाली दिवा लागायचा, मग आम्ही दोरी लावून विचारायचं, "नंबर?" दिवाळीत सगळा बोर्ड पेटलेला असायचा, डोळे दुखायचे, कधी वाटायचं हे दिवे फोडून टाकावेत. पण दिवा लागला म्हणून कळायचं की पलीकडे कोणीतरी ताटकळलंय.

मी डॉक्टरला हे सांगितलं आणि म्हटलं, "म्हणजे तुम्ही दिवा तेवढा काढून घेतलात."

तिनं विचार केला. "पण बोर्ड शांत झाला ना, आजी?"

"झाला की. फोन करणारा मात्र तिथंच आहे."

---

त्यानंतर वाटी कधी रिकामी यायची, कधी यायचीच नाही. मी जाऊन आणायची. जैबूला आपा म्हणणारे अण्णा थट्टा करायचे. "आपाच्या डेपोत गाड्या मुक्कामाला राहायला लागल्या, ताई." त्यांनी स्वतः निवांत घ्यायला साफ नकार दिला होता. "भूक मेलेल्या ड्रायव्हरला वळण दिसत नाही," म्हणायचे.

एके दिवशी माझ्या झडपेची तपासणी होती. सकाळी मी वाटीत चिवडा घालून अण्णांच्या फळीवर ठेवली आणि मिरजेला गेले. दुपार कलल्यावर परतले, तर वाटी तिथंच. चिवड्याला मुंग्या लागलेल्या, त्यांची रांग भिंतीवरून खाली गेलेली.

माझं तोंड अण्णांच्या दाराला ओळखीचं होतं. जैबूचंही होतं. दार उघडलं. अण्णा न्हाणीत पडले होते. मनगटावरचा मदत बोलावणारा पट्टा आंघोळीसाठी काढून खिळ्याला अडकवलेला, त्यांचा हात पोचणार नाही इतका वर. आवाज बसून गेला होता.

"आपाला हाका मारल्या," ते म्हणाले. "घरात न्हाई व्हय ती?"

मी पट्ट्यावरून गाडी बोलावली, त्यांच्या अंगावर चादर टाकली आणि जैबूकडे धावले. माझ्या छातीत कळ येत होती. जैबू जमिनीवर बसून मटार सोलत होती. भिंत सामायिक, न्हाणीची खिडकी तिच्या खिडकीला लागून.

"जैबू! अण्णा हाका मारत होते. ऐकू आलं नाही तुला?"

"आलं की."

"मग?"

"जाणार होते." तिनं पुढ्यातल्या शेंगांकडे पाहिलं. "एवढं सोलून झालं की जाणार होते, चारू."

मला तिच्या अंगावर ओरडायचं होतं. पण तिचा चेहरा पाहिला. ती गोंधळली होती. घरातली वस्तू जागेवर नाही हे कळावं, पण कोणती ते आठवू नये, तशी.

"मला कळत होतं ते बोलवायलेत म्हणून," ती सावकाश म्हणाली. "पण आतून कुणी उठवलं नाही मला. आधी कोण उठवायचं गं?"

अण्णांना न्यायला गाडी आली. तिला चालक नव्हता. माकडहाड मोडलेलं असतानाही अण्णा पुटपुटले, "बघा ताई, जल्म गाडी चालवण्यात गेला, आणि मला न्यायला गाडी आली ती बिनड्रायव्हरची. खड्ड्यात घातली तर शिव्या कुणाला घालू?" मग माझा हात धरून म्हणाले, "आपाला बोलू नका. ती न्हवती ती."

पुतण्या आला आणि त्यांना बंगळूरच्या एका वृद्धनिवासात घेऊन गेला. तिथे प्रवेशाबरोबरच सगळ्यांना निवांत देतात, हे आम्हाला नंतर कळलं.

मी फोन लावला. पडद्यावर अण्णा दिसले. दाढी केलेली, गाल भरलेले.

"कसे आहात, अण्णा?"

"छान. जेवण छान आहे."

"वाटी तुमच्या दारावरून रोज अशीच पुढे जाते. तुमच्या नावानं काय घालू आज?"

"कशाला उगाच त्रास," ते हसून म्हणाले.

मग दोघंही गप्प झालो. एक्स्चेंजमध्ये मला शांतता ओळखता यायची. न बोलता लाइन धरून बसलेला माणूस असला, तर ती शांतता भरलेली असते. त्यात श्वास अडकलेला असतो, काहीतरी यायचं असतं. आणि लाइन मेली की नुसतं मोकळं वाजतं. अण्णा माझ्याकडे बघून प्रसन्न हसत होते, आणि लाइन मोकळी वाजत होती.

मी फोन ठेवला. पहिल्यांदाच मला नीट समजलं की मला मरणाची भीती नाही. मी न्हाणीत पडेन, शेजारी मटार सोलले जातील आणि जगात कोणालाही चुकल्यासारखं वाटणार नाही, याची भीती आहे.

रविवारी माझ्या मुलाचा, निनादचा फोन आला.

"आई, तुझी पुढच्या सोमवारची वेळ घेतलीय मिरजेला. निवांतची. झडपेवरही ताण कमी पडेल, डॉक्टर म्हणाले."

"तू घेतलंस का रे?"

"मागच्या वर्षीच. एकदम हलकं वाटतं, आई."

"मग हा दर रविवारचा फोन?"

"कॅलेंडरमध्ये लावलाय ना," तो सहज म्हणाला. "चुकत नाही."

आतापर्यंत त्या फोनच्या जोरावर मी आठवडा काढत होते. त्या संध्याकाळी मी गॅलरीत बसून समोरच्या खिडक्या पाहिल्या. प्रत्येक खिडकीत एक दिवा, दिव्याखाली एक समाधानी माणूस. आणि खरं सांगते, त्यांचा हेवा वाटला. एक सुई टोचली की ही भीतीही जाईल. मग वाटी आली न आली, मला काय त्याचं?

---

शनिवारी मी जैबूकडे गेले. सांगून टाकावं, मीही घेते आहे, म्हणून. ती नमाजाला उभी होती. मी मागे स्टुलावर बसून राहिले. ती वाकली, टेकली, उठली, काही चुकलं नाही. चटई गुंडाळून ठेवताना तिनं मला पाहिलं.

"हे बरं विसरत नाहीस," मी म्हटलं. माझ्या आवाजात टोमणा होता.

तिला तो लागला नाही. "विसरेन कशी?"

"ओढ वाटते का त्याची तरी?"

"तीपण नाही वाटत आता." ती खाली बसली. "पण नमाज वाटतं म्हणून नसते गं. वेळ झाली की उभं राहायचं. मन आलं तर मागनं येतं. कधी येतच नाही. तरी उभं राहायचं."

मी तिच्याकडे बघतच राहिले. लहानपणी मला विषमज्वर झाला होता. तोंडाची चव गेलेली, भूक म्हणजे काय ते विसरलेली. आई घड्याळाकडे बघायची आणि पेजेची वाटी तोंडाला लावायची. मी रडायची, भूक नाही म्हणून. आई म्हणायची, भुकेची वाट बघत बसले तर तू राहशील का?

"जैबू, एक करशील?"

"सांग की."

"वाटी तुझ्याकडे दुपारच्या नमाजाआधी आली पाहिजे. नाही आली, तर नमाज झाला की उठून माझ्या दारात यायचं. वाटो न वाटो."

"बरं," ती म्हणाली.

इतकं पटकन म्हणाली की मला ते खरं वाटलं नाही. भाजीवाल्याला पिशवी नको म्हणावं, तसं ते बरं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी लाल भोपळ्याचे घारगे केले. जैबूला आवडायचे. वाटी भरली, पण फळीवर ठेवली नाही. ती मांडीवर घेऊन मी दाराशी खुर्ची टाकून बसले. मनाशी ठरवलं होतं. ती आली नाही, तर उद्या मिरजेला जायचं. मग बोर्डावरचा शेवटचा दिवाही काढून टाकायचा.

ऊन गॅलरीतून आत सरकलं. लांबून अजान ऐकू आली. पलीकडे जैबूच्या घरात पाणी वाहिल्याचा आवाज झाला, मग काही नाही. मी कान लावून बसले. एक्स्चेंजमध्ये इतकी वर्षं ऐकण्यात गेली, पण एवढं कान देऊन मी कधी ऐकलं नव्हतं. लिफ्ट गेली. कोणाच्या तरी खिडकीशी पेटी येऊन लागली. नमाज आता झाला असेल. घारगे गार झाले होते.

"आपली नाडी वाढली आहे," भिंत गोड आवाजात म्हणाली. "मदत बोलावू?"

"नको."

"उद्या सकाळी आपली मिरजेची वेळ आहे. कायम ठेवू?"

बाहेर काहीच हलत नव्हतं. ती परत मटार सोलत असेल. किंवा तशीच बसली असेल, तृप्त, भिंतीकडे बघत. मला हुंदका आला, आणि त्याच वेळी उद्याच्या सुईची ओढ लागली. माझ्या आयुष्यातली सगळ्यात भीतिदायक गोष्ट म्हणाल तर ती ओढ.

मग चपला वाजल्या. जैबू उजवा पाय जरा घासून टाकते. तो आवाज दारापाशी येऊन थांबला. मी दार उघडलं.

नमाजाची ओढणी तशीच गुंडाळलेली. उजव्या हाताची मूठ घट्ट मिटलेली.

"वाटी आली नाही," ती म्हणाली.

"काळजी वाटली?"

तिनं प्रामाणिकपणे आत शोधून पाहिलं. मला ते तिच्या डोळ्यांत दिसलं.

"नाही."

"मग का आलीस?"

"ठरलंय ना आपलं." तिनं मूठ पुढे केली. "वाटी तुझ्याकडं होती. रिकाम्या हातानं कशी येऊ?"

तिनं मूठ उघडली. घामानं तळव्याला साखर चिकटली होती. ती तिनं बोटानं निपटून घारग्यांवर पाडली, एकही कण वाया जाऊ न देता. मग तशीच उभी राहिली. पुढे काय करायचं असतं ते ती विसरली होती.

"आत ये," मी म्हटलं. "बस."

ती खुर्चीच्या कडेवर बसली. हात मांडीवर, पाठ ताठ. तिच्या चेहऱ्यावर माझ्यासाठी काही नव्हतं, दुःखही नव्हतं, आनंदही नव्हता. तिनं विचारलं, "किती वेळ बसायचं असतं, चारू?"

"चहा होईपर्यंत."

"बरं."

"उद्याची वेळ कायम ठेवू?" भिंतीनं पुन्हा विचारलं.

"रद्द कर," मी म्हटलं.

आत जाऊन मी शेगडीवर आधण ठेवलं आणि आच होती त्याहून मंद केली. मागे वळून पाहिलं. जैबू बसलेली होती. मी आच आणखी मंद केली.